आठ जातींचा वारसा : इंग्रजी शब्दवर्गीकरणाचा इतिहास

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय अशा ज्या आठ शब्दजाती शिकवल्या जातात, त्या इंग्रजीच्या निरीक्षणातून निघालेल्या नाहीत. आठ हा आकडा इंग्रजी भाषा लिहिली जाऊ लागण्याच्या कितीतरी शतके आधी ग्रीक भाषेसाठी ठरला, रोमन वैयाकरणांनी तो लॅटिनला लावला आणि लॅटिनच्या अध्यापनाबरोबर तो इंग्लंडात पोहोचला.

या परंपरेचा उगम इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील डायोनिशियस थ्रॅक्स या अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील वैयाकरणाकडे नेला जातो. त्याच्या नावावरील छोटेखानी ग्रंथात नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी या आठ जाती येतात. धातुसाधित म्हणजे नामासारखी विभक्ती आणि क्रियापदासारखा काळ, असे दोहोंचे गुण घेतलेले रूप; उपपद म्हणजे इंग्रजीतील ‘अ’, ‘द’ यांसारखा नामाआधी येणारा शब्द. या यादीत विशेषण नाही, कारण ग्रीकमध्ये विशेषणालाही नामाप्रमाणेच लिंग, वचन आणि विभक्ती यांचे विकार होत आणि त्यामुळे ते नामाचाच एक प्रकार मानले जाई. उद्गारवाचक शब्द क्रियाविशेषणांत मोडत. लॅटिनमध्ये मुळात उपपदच नव्हते, तेव्हा रोमन वैयाकरणांनी ती जात गाळली आणि उद्गारवाचक शब्दांना स्वतंत्र स्थान देऊन आकडा पुन्हा आठवर आणला. पूर्वसूरींनी ठरवलेल्या संख्येविषयीचा हा आदर पुढील सगळ्या इतिहासाची दिशा ठरवून गेला.

चौथ्या शतकात रोममध्ये डोनाटसने प्रश्नोत्तररूपात एक बालबोध व्याकरण लिहिले. शब्दजाती किती, या प्रश्नाने ते सुरू होते आणि पुढे प्रत्येक जातीचे लक्षण व तिचे विकार क्रमाने येतात. मध्ययुगीन युरोपातील मुले ही उत्तरे तोंडपाठ करूनच लॅटिनमध्ये प्रवेश करीत. सहाव्या शतकाच्या आरंभी प्रिशियनने कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये अठरा भागांचा विस्तृत ग्रंथ रचला. या दोन आधारस्तंभांवर युरोपचे व्याकरणशिक्षण सुमारे हजार वर्षे उभे होते. इंग्लंडात दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक या धर्मगुरूने लॅटिनचे व्याकरण जुन्या इंग्रजीतून समजावले, आणि सोळाव्या शतकात विल्यम लिलीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लॅटिन व्याकरणाला आठव्या हेन्रीच्या काळात राजाज्ञेने शाळांत अधिकृत स्थान मिळाले. त्यामुळे इंग्रजीचे व्याकरण लिहिण्याची वेळ आली तेव्हा लेखकांसमोर लॅटिनचा साचा आयता तयार होता.

विल्यम बुलोकरने 1586 मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले ते याच साच्यात. इंग्रजीत उपपद ठळकपणे आहे, तरीही लॅटिनमध्ये नाही म्हणून त्याला स्वतंत्र जातीचा मान मिळाला नाही. 1640 मध्ये मरणोत्तर छापलेल्या बेन जॉन्सनच्या व्याकरणाने उपपदासाठी नववी जात मान्य केली. 1653 मध्ये जॉन वॉलिसने स्वतः लॅटिनमध्ये लिहूनही इंग्रजीवर लॅटिनचे नियम लादणे चूक आहे, असे स्पष्ट बजावले, आणि हा इशारा या इतिहासातील सर्वांत मोलाचा मानावा लागेल. ग्रीक आणि लॅटिनमध्ये शब्दाची जात बहुधा त्याच्या प्रत्ययांवरून कळते. इंग्रजीचे प्रत्यय मात्र मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर झडून गेले आणि शब्दाचे काम त्याच्या वाक्यातील जागेवरून ओळखावे लागू लागले. ‘राउंड’ हा एकच शब्द रूप न बदलता मुष्टियुद्धातील फेरी या अर्थी नाम, कोपऱ्यावरून वळण घेणे या अर्थी क्रियापद, गोल या अर्थी विशेषण, मागे वळून पाहताना क्रियाविशेषण आणि टेबलाभोवती बसताना शब्दयोगी ठरतो. अशा भाषेत शब्द सुटा घेऊन त्याची जात विचारणे व्यर्थ आहे.

अठराव्या शतकात विशेषण नामापासून वेगळे झाले. इंग्रजी विशेषणाला लिंग, वचन, विभक्ती काहीच उरले नसल्याने त्याला नामात ठेवण्याचे कारणच संपले होते. जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने 1761 च्या आपल्या व्याकरणात विशेषण घेतले, धातुसाधित वगळले आणि आज परिचित असलेल्या आठ जाती मांडल्या. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लाउथने उपपदासह नऊ जाती दिल्या, आणि लिंडली मरेने 1795 मध्ये यॉर्क येथील एका मुलींच्या शाळेसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याच नऊ स्वीकारल्या. मरेचे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत अफाट खपले. वाक्यातील प्रत्येक शब्द उचलून त्याची जात आणि त्याचे विकार सांगण्याची, म्हणजे व्याकरण चालवण्याची शिस्त त्या काळी शाळांत पक्की रुजली होती.

मराठीचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथेच. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 च्या व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाची चौकट मराठीत स्थिरावली. संस्कृत परंपरेत यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केले होते, तर पाणिनीने पदाचे सुबन्त (नामाचे प्रत्यय लागलेले) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेले) असे दोनच भेद मानले होते. शाळेतील मराठी व्याकरण मात्र आठ जातींचे झाले. उपपद मराठीत नसल्याने ते येथेही गळले. नामाच्या आधी येणाऱ्या इंग्रजी अव्ययांच्या जागी, नामाच्या सामान्यरूपाला मागून जोडली जाणारी ‘घराजवळ’, ‘झाडाखाली’ यांसारख्या शब्दांतील अव्यये बसवावी लागली.

खुद्द इंग्रजीच्या अभ्यासकांनी आठांचा आग्रह केव्हाच सोडला आहे. 1952 मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्राइझने ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणांच्या आधारे, वाक्यातील जागेवरून चार मुख्य वर्ग आणि कार्यदर्शक शब्दांचे पंधरा गट पाडले. 2002 च्या केंब्रिज व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी सर्वनाम नामात घातले, उभयान्वयी अव्ययांचे दोन वर्ग केले आणि उपपदांना निर्धारकांच्या, म्हणजे नाम कोणते वा किती हे ठरवणाऱ्या शब्दांच्या, व्यापक वर्गात नेले. शाळेत आठ जाती शिकवण्यास हरकत नाही, कारण सुरुवातीची ओळख म्हणून त्या उपयोगी आहेत. परंतु त्या भाषेचा निसर्गनियम म्हणून शिकवणे चूक आहे, आणि वाक्यातील जागा व कार्य दाखवल्याखेरीज कोणत्याही इंग्रजी शब्दाची जात विद्यार्थ्याला विचारली जाऊ नये.