पडद्यावरील पाठ

सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंदिरासमोर उभें राहिलें म्हणजे शिल्पकाराच्या कौशल्यानें मन थक्क होतें. परंतु पहिला घाव कोठें घातला, चुकलेली रेघ कशी सावरली, हें तो पाषाण सांगत नाहीं. पुरी झालेली कलाकृति आपल्या निर्मितीच्या पाऊलखुणा पुसून टाकते, आणि शिकणाऱ्यास तर नेमक्या त्याच हव्या असतात. पूर्वीं त्या गुरूच्या शेजारीं बसूनच मिळत.

या उणिवेवर एक उपाय याच जिल्ह्यांत जन्मलेल्या पुरुषाच्या हातून घडावा, हें विशेष होय. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्यें विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोड्या अंतरानें टिपून ती पडद्यावर क्षणांत घडवून दाखविली. पुढें १९१७ सालीं 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून त्यांनीं आपल्या धंद्यांतील कामच लोकांपुढें मांडलें. विद्या झांकून ठेवण्याची आपली जुनी खोड लक्षांत घेतां हें औदार्य लहान नव्हे.

पडद्यानें पडद्याचेंच काम शिकविण्याची ही रीत संगणकाच्या युगांत पुन्हा अवतरली. संगणकाच्या पडद्यावरील हालचाल व शिकविणाऱ्याचें निवेदन एकत्र टिपणाऱ्या चित्रफितीस २००४ सालीं 'स्क्रीनकास्ट' हें नांव मिळालें. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमानें सॉफ्टवेअर शिकविणारे असे सुमारे दहा मिनिटांचे पाठ सिद्ध केले. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजींतच, कारण पुढें नोकरींत तोच समोर यावयाचा. पाठाच्या शेजारीं तेंच सॉफ्टवेअर उघडावें आणि थांबत थांबत स्वतः करून पाहावें, अशी या पद्धतीची शिस्त आहे.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा विचार करणें प्राप्त आहे. कोणी डोळ्यानें शिकतो, कोणी कानानें, कोणी हातानें. ज्यास जें रुचेल तें त्यास द्यावें, असें पुष्कळ शिक्षक मानतात. हॅरोल्ड पॅशलर प्रभृति चार मानसशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हां आवडीप्रमाणें शिकविल्यानें अधिक येतें यास पुरेसा पुरावा आढळला नाहीं. आवड व आकलन या दोन गोष्टी भिन्न होत. माध्यमाची निवड विषयाच्या स्वभावावरून व्हावी: उच्चारास कान हवा, नकाशास डोळा, आणि टांक्यास हात. चित्रफीत पाहून "समजलें" म्हणणारीं मुलें कोऱ्या पडद्यापुढें बसतांच अडलेलीं मीं स्वतः पाहिलीं आहेत.

मुसळगांव-माळेगांवच्या कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या सिन्नरच्या मुलास पवईचा गुरु आज मातृभाषेंत शेजारीं बसवून घेऊं शकतो. ही सोय थोर खरी. पण छिन्नी त्या मुलानेंच उचलली पाहिजे.