डर्बीच्या घोड्यावर पैसे लावले की नेमकं काय होतं? माळेगावच्या बाजारापासून महालक्ष्मीच्या टोटपर्यंत

नांदेड-लातूरकडच्या माणसाला घोडा नवीन नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा घोडे, गाढवं आणि उंटांचा मोठा बाजार बसतो. मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. कुणी पंचकल्याणी शोधतो, कुणी नुकरा, कुणाला फक्त रेवाल चाल पाहिजे असते. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या मिरवणुकांतही घोडे असतात. थोडक्यात, घोडा पारखणारी माणसं या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

यात्रा होते, जानेवारी सरतो आणि फेब्रुवारीच्या सुमारास मोबाइलवर वेगळेच मेसेज फिरायला लागतात. ‘डर्बी स्पेशल टीप’, ‘शंभर टक्के घोडा’, ‘फक्त पहिल्या ५० जणांसाठी ग्रुप’. इकडे तुरीची पट्टी नुकतीच हातात पडलेली असते, उसाचं बिल आलेलं असतं. घोडा तर आपल्याला कळतोच, मग लावून बघायला काय हरकत आहे, असं वाटणाऱ्यांची कमी नसते.

हरकत काय आहे, ते आकडेच सांगतात.

आधी डर्बी म्हणजे काय ते पाहू

‘इंडियन डर्बी’ ही देशातली सर्वात मानाची घोड्यांची शर्यत. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ती साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. अंतर २४०० मीटर, आणि धावतात फक्त चार वर्षांचे घोडे. पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. शर्यत भरवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पावसाळ्यात याच क्लबच्या शर्यती पुण्यात होतात आणि हिवाळ्यात मुंबईत.

मराठवाड्याला खरं तर मुंबईपेक्षा हैदराबादचं मैदान जवळचं. मलकपेटचा रेसकोर्स सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातला, १८८६ चा. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. पण बोलबाला डर्बीचा जास्त.

शर्यतीचा घोडा आणि माळेगावचा घोडा यांच्यात मोठा फरक आहे. डर्बीत धावतात ते थरोब्रेड जातीचे, केवळ वेगासाठी पैदास केलेले घोडे. माळेगावात गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतो, भोवरे बघतो, चालवून बघतो, दोन दिवस घासाघीस करतो. रेसकोर्सवर पैसे लावणाऱ्याला घोडा दिसतो तो शर्यतीआधी काही मिनिटं, कठड्यापलीकडून. बाकी सगळी माहिती छापील पुस्तकातली: मागच्या शर्यतींतले नंबर, वजन, जॉकी, ट्रेनर.

त्याहून मोठा फरक पुढे आहे. माळेगावात प्रश्न असतो ‘घोडा चांगला आहे का?’ रेसकोर्सवर या प्रश्नाला जवळजवळ काहीच किंमत नाही, कारण चांगला घोडा कोणता हे तिथे सगळ्यांनाच माहीत असतं आणि त्याच्या भावात ते आधीच उतरलेलं असतं. तिथला प्रश्न असतो ‘या घोड्याचा भाव चुकलाय का, आणि पुरेसा चुकलाय का?’

टोट कसा चालतो?

रेसकोर्सवर पैसे लावायच्या दोन पद्धती. एक बुकमेकर, जो भाव देतो. दुसरा टोट, म्हणजे टोटलायझेटर. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत जमा होतात, क्लब आपली वजावट काढून घेतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. म्हणजे टोटवर तुमची लढत क्लबशी नसतेच. ती असते शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी.

एक उदाहरण घेऊ. एका शर्यतीत एकूण १० लाख रुपये जमले. समजा वजावट २० टक्के. उरले ८ लाख. चार नंबरच्या घोड्यावर लोकांनी २ लाख लावले होते आणि तोच जिंकला. तर दर १०० रुपयांच्या तिकिटाला ४०० रुपये मिळतील. वजावट नसती तर ५०० मिळाले असते.

आता यात कर घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून घोड्यांच्या शर्यतीवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. इथे ‘पूर्ण रकमेवर’ हे दोन शब्द महत्त्वाचे. क्लबच्या कमिशनवर नव्हे, नफ्यावरही नव्हे, लावलेल्या सगळ्या पैशांवर. हा कर तिकीट काढणाऱ्याकडूनच वेगळा घेतला, तर १०० रुपये लावायला खिशातून १४० जातात.

वरच्या घोड्यावर १० लाखांपैकी २ लाख लागले होते. याचा अर्थ लोकांच्या मते त्याची जिंकण्याची शक्यता पाचात एक. लोकांचा अंदाज बरोबर असेल, तर असे पाच घोडे लावल्यावर एक जिंकेल. खर्च पाच गुणिले १४०, म्हणजे ७०० रुपये. हातात आले ४००. तोटा ३००.

फक्त बरोबरीत सुटायचं असेल तर? ४०० मिळवण्यासाठी १४० लावताय, म्हणजे घोडा शंभरात ३५ वेळा जिंकायला हवा. बाजार म्हणतोय २० वेळा. म्हणजे सगळ्या मैदानाने ज्याला पाचात एक ठरवलंय, तो प्रत्यक्षात तिनात एकापेक्षाही चांगला आहे, हे तुम्हाला कळायला हवं. आणि तेही एकदा नाही, सतत. लातूरच्या अडतीत शेंगदाण्याचा दाणा चोळून भाव सांगणारा कितीही हुशार अडत्या असला, तरी बाजारभावाच्या पावणेदोनपट फरक तो रोज पकडू शकत नाही.

बुकमेकरकडे वजावट दिसत नाही, कारण ती भावात लपलेली असते. तीन घोड्यांची शर्यत समजा. भाव आहेत एकास एक, दोनास एक आणि तिनास एक. या भावांप्रमाणे शक्यता होतात ५० टक्के, ३३ टक्के आणि २५ टक्के. बेरीज १०८. खऱ्या जगात ती १०० च्या वर जाऊ शकत नाही. वरचे आठ बुकमेकरचे. घोडे वाढले की ही बेरीज बहुधा अजून फुगते.

मोठ्या भावाचा मोह

डर्बीच्या दिवशी मैदानावर रोजचे लोक कमी आणि हौशी जास्त असतात. हौशी माणसाला दोनास एक भावाचा घोडा लावायचा कंटाळा येतो. त्याला पन्नासास एकवाला पाहिजे असतो. १९४९ मध्ये ग्रिफिथ या अमेरिकी अभ्यासकाने शर्यतींचे आकडे मांडून दाखवलं की लोक मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरेट घोड्यांवर कमी. नंतर अनेक देशांत हेच दिसलं. म्हणून फेव्हरेट लावणारेही हरतात, पण हळूहळू. मोठ्या भावाचे शौकीन लवकर संपतात.

याचा अर्थ फेव्हरेट म्हणजे हमखास, असाही नाही. जगभरात फेव्हरेट घोडा साधारण तीनपैकी एकच शर्यत जिंकतो. ‘शंभर टक्के घोडा’ असं म्हणणाऱ्याला हे विचारून बघा.

मग जॅकपॉट, टनाला वगैरे. टनालात पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगायचे असतात. शर्यतीत १५ घोडे असतील तर असे क्रम होतात २,७३०. जॅकपॉटमध्ये सलग पाच शर्यतींचे विजेते सांगायचे. प्रत्येकीत १० घोडे धरले तर एक लाख जोड्या. पेपरात बातमी येते ती जिंकलेल्याची, त्यामुळे हे सोपं वाटतं.

तरी कुणी जिंकलंच नाही का?

जिंकलंय. बिल बेंटर या अमेरिकी माणसाचं नाव यात नेहमी घेतलं जातं. १९८० च्या दशकात तो हाँगकाँगला गेला आणि शर्यतींचं संगणकीय मॉडेल बनवून त्याने प्रचंड पैसा कमावला. त्याची गोष्ट सांगणारे एक तपशील मात्र गाळतात. निव्वळ स्वतःच्या अंदाजावर त्याचं भागत नव्हतं. लोकांनी ठरवलेला भाव हीसुद्धा माहितीच आहे, हे मानून त्याने तो भाव मॉडेलमध्ये मिसळला आणि मग जिथे फरक उरला तिथेच पैसे लावले. शिवाय हाँगकाँगमध्ये जिंकणाऱ्याला त्या रकमेवर प्राप्तिकर द्यावा लागत नाही.

आपल्याकडे लागतो, सरळ ३० टक्के. रेसमधून जिंकलेल्या रकमेला मूळ करमुक्त मर्यादेचा फायदा लागू नाही. ज्याचं बाकी उत्पन्न शेतीचं आणि करमुक्त आहे, त्यालाही हा कर चुकत नाही. १० हजारांच्या वर रक्कम गेली की तो जागेवरच कापला जातो, आणि त्याखालच्या रकमेवरही देणं असतंच. सगळ्यात जाचक नियम पुढचा आहे: हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा करता येत नाहीत.

समजा हंगामात एकाने एकदा ५० हजार जिंकले आणि बाकी दिवसांत ६० हजार हरले. प्रत्यक्षात तो १० हजारांनी खाली आहे. कर मात्र ५० हजारांवर: १५,०००, वर ४ टक्के उपकर, म्हणजे १५,६००. एकूण खड्डा २५,६०० चा.

कायदेशीर काय, बेकायदा काय

‘सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिली आहे’ हे वाक्य बुकींच्या तोंडी असतं. त्यात अर्धं सत्य आहे. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पण महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यातून सूट आहे ती परवाना असलेल्या रेसकोर्सवर, ठरवून दिलेल्या जागेत लावलेल्या पैशांना. रेसकोर्सच्या परवान्यासाठी १९१२ चा वेगळा कायदा आहे. नांदेड किंवा लातूरच्या चौकात, पानटपरीवर किंवा फोनवर ‘डर्बी घेतो’ म्हणणाऱ्या माणसाला ही सूट नाही. तो आणि मटका घेणारा कायद्याच्या लेखी शेजारीशेजारी.

असा बुकी आकर्षक का वाटतो, तेही समजून घ्यायला हवं. तो जीएसटी लावत नाही. त्यामुळे मैदानापेक्षा त्याचा भाव बरा दिसतो. कर २८ चा ४० झाला तेव्हा त्याचं दुकान आपोआप अधिक स्वस्त झालं, हा त्या निर्णयाचा एक उलटा परिणाम म्हणावा लागेल. वर तो उधारीवर घेतो. लोक बुडतात ते बहुतेक इथेच. मैदानावर खिसा रिकामा झाला की खेळ थांबतो, उधारीत थांबत नाही. दुपारी हरलेला माणूस शेवटच्या शर्यतीत सगळं एकदम भरून काढायला जातो, आणि सोमवारी वसुलीचा फोन येतो.

उलट तुम्ही जिंकलात आणि त्याने पैसे दिले नाहीत तर? करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा व्यवहार रद्दबातल धरला जातो. त्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही.

ऑनलाइन अ‍ॅपचं म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणं यांवर त्यात बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. परदेशातून चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये अडकलेले पैसे परत मिळवायला दारच नसतं.

आणि ती ‘पक्की टीप’

हा प्रकार जुना आहे, आता फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर आलाय. एकाकडे हजार नंबर आहेत. शर्यतीत १० घोडे. तो शंभर जणांना एक नंबरचा घोडा सांगतो, पुढच्या शंभरांना दोन नंबरचा, असं करत दहाही घोडे वाटतो. शर्यत झाली की शंभर जणांची टीप बरोबर ठरलेली असते. बाकीच्या ९०० ना तो विसरतो. पुढच्या शर्यतीला त्या शंभरांचे दहा गट. आता दहा जण असे उरतात, ज्यांना लागोपाठ दोन टिपा अचूक मिळाल्या आहेत. तिसरी टीप तो फुकट देत नाही, ‘मेंबरशिप’ मागतो. त्या दहा जणांना खरंच वाटत असतं की या माणसाची तबेल्यात ओळख आहे.

अशा ग्रुपला पैसे पाठवून फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते. पहिल्या काही तासांत फोन गेला तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. पैसे लावणं हाताबाहेर गेलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या दुसऱ्या कुणी फोन केला तरी चालतो.