वात, सन्निपात आणि डिलिरियम

न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातून मनोविकारतज्ज्ञांकडे जाणारा रेफरन्स पुष्कळदा दोन ओळींचा असतो: रात्रभर बडबड, सलाईन उपटले, माणसे ओळखत नाहीत. बाहेर नातेवाइकांचा जीव टांगणीला. 'डोक्यावर परिणाम झाला का हो?' घरातल्या जुन्या आजीने हा प्रश्न विचारलाच नसता. 'वात झालाय,' म्हणून ती मोकळी झाली असती.

वात हा शरीराचा दोष. त्यामुळे तापात बरळणारा माणूस वेडा ठरत नसे. ताप उतरला की शुद्धीवर येईल, ही अपेक्षा त्या शब्दातच होती. वॉर्डात येणारा मनोविकारतज्ज्ञही आधी हेच पाहतो, की हा मूळचा मनोविकार आहे की आजारी शरीराने मेंदूला दिलेला हिसका.

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाकडे हा शब्द सापडतो. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगरटीची ओळ. 'दे लिरा' म्हणजे ती ओळ सोडून. आपल्याकडे नांगराच्या ओळीला तास म्हणतात, तेव्हा डिलिरियम म्हणजे तास सोडून भलतीकडे गेलेला नांगर. (रुग्णाचा घड्याळातल्या तासांचा हिशेबही लवकर सुटतो, पण तो निव्वळ योगायोग.)

लॅटिन शब्द फक्त दिसते ते सांगतो. मला जास्त आवडतो तो आयुर्वेदातला सन्निपात: सम्, नि आणि पत्, म्हणजे एकत्र येऊन कोसळणे. तिन्ही दोष एकदम बिघडले की सन्निपात. त्रिदोष कुणी मानो न मानो, डिलिरियमची घडण अशीच असते. म्हाताऱ्या माणसाला आधीच अर्धांगवायूचा झटका आलेला, त्यात लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घसरलेले, वर झोपेची गोळी. एकट्या कशाने जे घडले नसते, ते सगळ्यांनी मिळून घडते. म्हणून मनोविकारतज्ज्ञाच्या उत्तरात औषधापेक्षा तपासण्याच जास्त असतात: सोडियम पाहा, लघवी तुंबली आहे का पाहा, ती गोळी बंद करा, चष्मा आणि कानाचे यंत्र परत द्या.

वात म्हटले की मात्र बडबडच डोळ्यांसमोर येते, आणि तिथे चकवा बसतो. काही रुग्ण भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतात. त्यांचा रेफरन्स 'नैराश्य' म्हणून येतो. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले की डिसेंबर, नोव्हेंबर म्हणून ते थांबतात, आणि मग कळते की हाही डिलिरियमच. ग्रीक वैद्यांनी खवळलेल्याला फ्रेनायटिस आणि पेंगणाऱ्याला लेथार्गस अशी निरनिराळी नावे दिली होती. त्या लेथार्गसचा इंग्रजीत आता नुसता सुस्तपणा उरला आहे. मराठीत ग्लानी अजून शाबूत आहे. 'उदास आहेत का?' असे घरच्यांना विचारण्याआधी डॉक्टरांनी 'ग्लानीत असतात का?' असे विचारले, तर उत्तर जास्त कामाचे मिळेल.