पात्रांना किती कळावे?

जुन्या वळणाच्या एखाद्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू अनोळखी गावात शिरतो, चौकात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याजवळ जातो आणि म्हातारा त्याला गंभीरपणे सांगतो, की वेगाने धावायचे असेल तर 'बी' बटण दाबून धरावे. म्हाताऱ्याच्या जगात तलवारी आहेत, राक्षस आहेत; बटण मात्र नाही. आपण काय बोललो हे त्याला उमगत नाही आणि खेळाडूलाही त्यात काही वावगे वाटत नाही. सूचना देण्याची ती एक सोय असते, इतकेच. पण हाच म्हातारा जर म्हणाला, की 'मागच्या खेपेस तू मला मारले होतेस', तर? पात्राला स्वतःविषयी, आपल्या जगाच्या नियमांविषयी आणि पडद्याबाहेर बसलेल्या खेळाडूविषयी किती कळावे, हा रोल-प्लेइंग गेम रचणाऱ्यांपुढील जुना प्रश्न आहे.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे खेळाडूने एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका स्वीकारून तिच्या वतीने निर्णय घेण्याचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा तो टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जात असे. त्यातील 'ट्रोल' नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात. आग किंवा आम्ल यांनी केलेल्या जखमा मात्र भरत नाहीत. खेळाडूने नियमांचे पुस्तक वाचलेले असते, पण त्याच्या पात्राने ट्रोल आयुष्यात प्रथमच पाहिलेला असतो. अशा वेळी पात्राने लगेच मशाल उचलावी काय? खेळाडूचे ज्ञान पात्राच्या तोंडी घालण्याच्या या प्रकाराला 'मेटागेमिंग' म्हणतात. टेबलावर खेळ चालविणारा सूत्रधार त्याला हटकू शकतो. संगणकावर असे हटकणारे कोणी नसते. कोणाला काय ठाऊक असावे, ही रेषा तेथे आधीच आखून ठेवावी लागते.

या चर्चेत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पात्र हुशार असणे वेगळे आणि पात्राला आत्मभान असणे वेगळे. बेथेस्डा कंपनीच्या 'ऑब्लिव्हियन' (२००६) या गेममध्ये 'रेडियंट एआय' नावाच्या यंत्रणेमुळे गावकऱ्यांना स्वतःची दिनचर्या मिळाली. ते वेळेवर जेवत, झोपत, रस्त्यात भेटले की एकमेकांशी बोलत. मात्र चिखलातील खेकड्याविषयी दोन वाक्ये बोलून एकाएकी निरोप घेणारी ती माणसे खेळाडूंच्या थट्टेचाच विषय झाली. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनी भाषेच्या प्रारूपावर चालणारी २५ पात्रे 'स्मॉलव्हिल' या संगणकीय गावात वसविली. त्यांना स्मृती होती, अनुभवांवरून निष्कर्ष काढण्याची सोय होती. एका पात्राच्या मनात व्हॅलेंटाइन दिनाच्या मेजवानीची कल्पना घालताच त्यांनी आपसांत आमंत्रणे दिली आणि काही पात्रे ठरल्या वेळी जमलीही. हे कौतुकास्पद खरे. पण आपण एका खेळवजा गावात राहतो, हा विचार त्यांच्या दिनक्रमात कोठेच नव्हता. उलट, अशा प्रारूपावर मध्ययुगीन दुकानदार उभा करायचा, तर त्याला काय काय ठाऊक नसावे हे बजावून ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते.

आत्मभानाची खरी कसोटी अन्यत्र आहे. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४' (१९८५) मध्ये अंतिम खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणविणे हे खेळाडूचे ध्येय. जादूसाठी लागणाऱ्या जिनसा विकणारी एक बाई आंधळी आहे. किती पैसे दिले हे खेळाडूनेच सांगायचे. कमी दिले तरी ती काही बोलत नाही, पण गेम आतल्या आत नोंद ठेवतो आणि राजवाड्यातील द्रष्टा पुढे त्याचा हिशेब ऐकवतो. येथे पात्राला काहीच कळलेले नाही, तरीही खेळाडूला पाहिले गेल्याची जाणीव होते. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९) चा नायक मरतच नाही, मेल्यावर पुन्हा उठणे ही गेममधील सर्वपरिचित सवलत तेथे कथेचाच भाग आहे आणि त्याच्या प्रत्येक मरणाची किंमत दुसरा कोणीतरी मोजतो, हे त्याला फार उशिरा उमगते. शिगेसातो इतोई यांच्या 'मदर २' (१९९४) मध्ये वाटेत कोणीतरी खेळाडूचे खरे नाव विचारून घेते. खेळाडू ते विसरूनही जातो. अखेरच्या लढाईत पॉला ही मुलगी मदतीसाठी प्रार्थना करते, एकेका ओळखीच्या माणसापर्यंत ती पोहोचते आणि शेवटी पडद्यावर उमटते ते खेळाडूचे स्वतःचे नाव.

रंगभूमीच्या परिभाषेत याला चौथी भिंत ओलांडणे म्हणतात. आपल्याकडे मुळात ती भिंत फारशी पक्की नव्हतीच. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीचे गाणे ऐकून आज कोणते नाटक करायचे तेच विसरतो. परंतु प्रस्तावना संपली की तो निघून जातो आणि दुष्यंताला आपण नाटकात आहोत याचा पत्ता नसतो. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. सगळ्याच पात्रांना सगळे कळले, तर कोणाच्याच सुखदुःखाला अर्थ उरत नाही. मग उरते ती नुसती कोटी.

टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल' (२०१५) या गेमने ही विभागणी सर्वांत काटेकोरपणे पाळली आहे. त्यातील टोरिएल ही मायाळू राक्षसी सुरुवातीला खेळाडूला आसरा देते आणि पुढे त्याची वाट अडविते. तिच्याशी लढताना अनेकांच्या हातून ती मरते. खेळाडू हळहळतो, जतन केलेला खेळ पुन्हा उघडतो आणि या वेळी तिला जीवदान देतो. टोरिएलला यातले काही ठाऊक नसते. तुला मरताना पाहिले आहे, हे तिला सांगावे असे खेळाडूच्या पात्राला वाटते, आणि ते फारच विचित्र दिसेल म्हणून ते गप्प बसते. पण थोडे पुढे गेल्यावर फ्लॉवी हे फूल भेटते आणि तू काय केलेस ते मला माहीत आहे, असे हिणवते. फ्लॉवीला हे का कळते, याचे कारण त्या जगातच दिले आहे. काळ मागे नेण्याची शक्ती 'निर्धारा'तून येते आणि खेळाडू येण्यापूर्वी ती फ्लॉवीकडे होती. त्याने आधी सर्वांचे भले केले, मग कंटाळा आला, आणि पुढे काय होते ते पाहू म्हणून सर्वांना मारूनही पाहिले. गेममधील प्रत्येक कोपरा धुंडाळणाऱ्या खेळाडूचे हे हुबेहूब वर्णन आहे.

सॅन्स या दुसऱ्या पात्राला याहून कमी कळते. काळाच्या रेषा कोणीतरी वारंवार मोडतो आहे, एवढाच त्याचा कयास. आठवण त्याला नाही. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो किती वेळा हरून आला ते ओळखतो. गेममधील 'एलव्ही' आणि 'ईएक्सपी' या अक्षरांचा अर्थ शेवटी तोच सांगतो. ती पातळी हिंसेची आहे आणि ते गुण हत्येचे. रोल-प्लेइंग गेममध्ये चार दशके 'अनुभवाचे गुण' म्हणून जे बिनदिक्कत गोळा केले गेले, त्यावरचे हे भाष्य. सॅन्सने ते पहिल्याच दृश्यात सांगितले असते, तर तो विनोद ठरला असता.

सर्वांना ठार मारण्याचा मार्गही गेममध्ये खुला आहे. तो संपला की जगच नष्ट होते. पुन्हा सुरू केल्यास काळा पडदा आणि वाऱ्याचा आवाज. काही मिनिटे थांबल्यावर ते जग परत मिळते, पण आपला आत्मा देऊन. त्यानंतर कितीही सौजन्याने खेळले, तरी सुखान्त निर्मळ राहत नाही. एका शेवटात तर मित्रमंडळींच्या छायाचित्रातील चेहऱ्यांवर तांबड्या फुल्या दिसतात. संगणकावर हा डाग पुसायचा, तर गेमच्या बाहेर जाऊन विशिष्ट फाइली शोधून नष्ट कराव्या लागतात, आणि कित्येक खेळाडूंनी तेही केले आहे.