कॅरिबियन समुद्रातील सहलीची आगबोट

समुद्रप्रवास आणि सहल हे दोन शब्द एकत्र यावेत ही गोष्ट मानवी इतिहासात फार अलीकडची आहे. शेकडो वर्षे माणूस समुद्रावर गेला तो व्यापारासाठी, लढाईसाठी, पोटासाठी, किंवा कोणी बळजबरीने नेला म्हणून. आपल्याकडे तर समुद्र ओलांडून आलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घ्यावे लागे. मुलेबाळे, वृद्ध आईबाप आणि चार स्नेही यांस बरोबर घेऊन, कोठेही पोचण्याची निकड नसता, केवळ मौजेखातर आठवडाभर पाण्यावर राहावे, ही कल्पना आपल्या पणजोबांस निव्वळ वेडगळपणाची वाटली असती. आज मात्र दरवर्षी लक्षावधी कुटुंबे नेमके हेच करतात, आणि त्यांचा सर्वांत मोठा ओघ कॅरिबियन समुद्राकडे असतो. ही चाल पडली कशी याचा शोध करू लागल्यास एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ही सहल कोणा एका कल्पक पुरुषाच्या डोक्यातून निघालेली नाही; बहुतेक वेळी ती रिकाम्या पडलेल्या जहाजांतून जन्मास आली आहे.

परंतु सहलकऱ्यांच्या आधी या समुद्रावरून कोण गेले, हे प्रथम पाहिले पाहिजे. हिंदुस्थान शोधावयास निघालेला कोलंबस १४९२ साली बहामा बेटांस लागला आणि त्याच्या चुकीमुळे या बेटांस वेस्ट इंडीज हे नाव चिकटले. हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत आज क्रिकेटमुळे परिचित असले, तरी त्यामागील इतिहास खेळाचा नाही. पुढील साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोट माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतील फार मोठा भाग या बेटांवरील उसाच्या मळ्यांत उतरविला गेला. ब्रिटिश वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी रद्द झाली तेव्हा मळेवाल्यांची दृष्टी आपल्या देशाकडे वळली. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून निघालेले सुमारे सव्वादोनशे करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला पोचले. १९१७ पर्यंत त्या एका बेटावर असे सुमारे १ लाख ४३ हजार लोक गेले, आणि आज तेथील लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्या वंशजांचा आहे. या उतारूंनाही समुद्र दिसला. परंतु तो पाहण्याची हौस म्हणून ते घराबाहेर पडले नव्हते.

हौसेचा उतारू या समुद्रावर मोठ्या संख्येने आला तो केळ्यांच्या आधाराने. मॅसॅच्युसेट्समधील लोरेन्झो डाऊ बेकर नावाच्या कप्तानाने १८७० साली आपल्या शिडाच्या जहाजातून जमेकातील केळ्यांचे १६० लोंगर जर्सी सिटीस नेले. अमेरिकेतील सामान्य लोकांना हे फळ तेव्हा जवळजवळ अपरिचित होते. व्यापार फोफावला; १८८५ साली बॉस्टन फ्रूट कंपनी उभी राहिली आणि १८९९ साली ती युनायटेड फ्रूट या बलाढ्य कंपनीत विलीन झाली. केळी उत्तरेकडे जात, पण जमेकाकडे येताना जहाजात पुरेसा माल नसे. रिकामे जहाज हाकण्यापेक्षा थंडीने गारठलेल्या श्रीमंतांस उन्हाच्या देशी नेले तर भाडे सुटेल, हा हिशेब कोणाही वाण्यास सुचण्याजोगा होता. बेकरने त्यांच्यासाठी पोर्ट अँटोनियो येथे टिचफील्ड नावाचे प्रशस्त हॉटेल चालविले. ऊन परतून लागावे व केळी लवकर पिकू नयेत म्हणून कंपनीच्या आगबोटी पांढऱ्या रंगविलेल्या असत. आज सहलीची आगबोट म्हटली की जी शुभ्र आकृती डोळ्यांपुढे येते, तिच्या शुभ्रतेचा एक उगम असा फळांच्या व्यापारात आहे.

युरोपातही गणित हेच होते. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि आगबोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागत. म्हणून हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिनने जानेवारी १८९१ मध्ये 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही आगबोट भूमध्यसमुद्राच्या सहलीस धाडली. प्रयोग इतका साधला की केवळ सहलीसाठीच 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' ही सुंदर नौका बांधण्यात आली आणि १९०१ च्या आरंभी ती वेस्ट इंडीजला आली. सहलीकरिता मुद्दाम बांधलेली ही पहिली मोठी नौका समजली जाते. तिचे दैव मात्र खडतर होते. १६ डिसेंबर १९०६ च्या रात्री जमेकाच्या किनाऱ्याशी एका दीपगृहाचा दिवा दुसऱ्याचा समजल्यामुळे ती खडकावर चढली. उतारू सर्व वाचले. कप्तानाने मात्र आपल्या खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. मौजेच्या प्रवासातही समुद्र समुद्रच राहतो, हा धडा या धंद्यास आरंभीच मिळाला.

पहिल्या महायुद्धानंतर जहाजे पुन्हा रिकामी पडली. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने परदेशातून वस्तीस येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली आणि ज्यांच्या भाड्यावर मोठ्या कंपन्या जगत होत्या, तो गरीब उतारूंचा लोंढा आटला. त्याच सुमारास, म्हणजे १९२० पासून १९३३ पर्यंत, अमेरिकेत दारूबंदी होती. सागरी हद्द ओलांडताच परदेशी आगबोटीवर मद्य मिळे. त्यामुळे हवाना आणि नासाऊ येथील सहलींना एकाएकी विलक्षण बहर आला. पुढे मंदी आली, तेव्हा एके काळी वेगाचा विक्रम करणारी 'मॉरिटेनिया'देखील पांढरा रंग लावून वेस्ट इंडीजच्या फेऱ्या करू लागली. म्हाताऱ्या गवयाने घर चालविण्यासाठी शिकवण्या कराव्या, तसाच हा प्रकार होता.

खरे स्थित्यंतर घडविले ते विमानाने. १९५८ साली अटलांटिकवरून जेट विमाने धावू लागली आणि थोड्याच वर्षांत आगबोटीने युरोपास जाणे हा हौसेचा विषय होऊन बसला. जुनी जहाजे स्वस्त भाड्याने मायामीहून बहामांकडे जाऊ लागली. त्यांपैकी १९२७ साली बांधलेल्या 'यारमथ कॅसल'ला १३ नोव्हेंबर १९६५ च्या पहाटे आग लागली. वरचा पुष्कळ भाग लाकडी असल्यामुळे ती झपाट्याने पसरली आणि ९० माणसे दगावली. उतारूंत एकत्र सहलीस निघालेले वृद्ध स्नेह्यांचे एक मंडळही होते. त्यातील कित्येक परतले नाहीत. सहलीच्या जहाजांवरील अग्निसुरक्षेचे नियम यानंतर कडक झाले. आजचा उतारू पहिल्याच दिवशी संकटसूचनेची जी कवायत कंटाळून करतो, तिला अशा दुर्घटनांची किंमत पडलेली आहे.

पुढच्याच वर्षी रिकाम्या जहाजाची जुनी गोष्ट पुन्हा घडली. नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टरने इंग्लंड व स्पेन यांमधील फेऱ्यांसाठी 'सनवर्ड' ही नवी नौका बांधली होती. परंतु ब्रिटिश सरकारने परदेशी नेण्याच्या पैशांवर घातलेले निर्बंध आणि जिब्राल्टरविषयी स्पेनची आडमुठी भूमिका यांमुळे तिला काम उरले नाही. इकडे मायामीत टेड अ‍ॅरिसनजवळ उतारू होते, पण जहाज नव्हते. दोघांची गाठ पडली आणि डिसेंबर १९६६ मध्ये 'सनवर्ड' नासाऊकडे निघाली. पुढे अ‍ॅरिसनने वेगळे होऊन १९७२ साली कार्निव्हल ही कंपनी काढली. तिची पहिली आगबोट पहिल्याच सफरीत मायामीबाहेर वाळूत रुतली, तरी कंपनी बुडाली नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या 'साँग ऑफ नॉर्वे'ला इतके उतारू मिळू लागले की १९७८ साली ती मधोमध कापून सुमारे २६ मीटरचा नवा तुकडा जोडण्यात आला.

सामान्य मध्यमवर्गी कुटुंब समुद्रावर आले ते या काळात. त्याचे कारण उघड आहे. एका भाड्यात खोली, जेवण आणि करमणूक मिळते. रोज बोचकी बांधावी लागत नाहीत. नातवंडे तलावात, आजोबा डेकवरील खुर्चीत, स्नेही गप्पांत, आणि रात्री सगळे एका टेबलाशी. विखुरलेल्या कुटुंबास आठवडाभर एका छपराखाली आणणारी ही सोय आहे, आणि तिला हसणे अरसिकपणाचे होईल.

तथापि याच काळात एक सूक्ष्म बदल घडला. पूर्वी आगबोट हे बेटावर जाण्याचे साधन होते. आता आगबोट हेच गंतव्य स्थान झाले. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चे नोंदलेले आकारमान 'टायटॅनिक'च्या पाचपटींहून अधिक आहे. दर खोलीत दोन माणसे धरली तरी ५,६०० उतारू होतात. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या जहाजास केवळ अमेरिकन बंदरांतच उतारू फिरविता येत नाहीत, म्हणून बेटांस भेट द्यावीच लागते. परंतु ती भेट काही तासांची. शिवाय १९७७ पासून कंपन्यांनी बहामांतील बेटेच ताब्यात घेण्यास आरंभ केला, जेणेकरून किनाऱ्यावरील खर्चही कंपनीच्याच पेटीत पडावा.

हैतीच्या किनाऱ्यावरील लाबादी हे असेच कुंपण घातलेले स्थळ. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप होऊन लाखाहून अधिक माणसे मेली, आणि तीनच दिवसांनी एक सहलीची आगबोट लाबादीला लागली. जगभर टीका झाली. जहाजातून मदतीचे सामानही आले होते, आणि सहल थांबविल्यास तेथील कामकऱ्यांची मजुरी बुडाली असती, हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु शोककाळात कुंपणाआड पोहणाऱ्या माणसांचे चित्र जगाच्या मनातून गेले नाही. अँटिग्वाच्या लेखिका जमेका किंकेड यांनी 'अ स्मॉल प्लेस' या १९८८ च्या पुस्तकात पर्यटकास जे खडे बोल सुनावले, त्यांचा रोख अशाच कुंपणाकडे आहे.

आणि जहाजाच्या आतही एक कुंपण असते. खोली झाडणारे, ताट वाढणारे आणि यंत्रघरात घामाघूम होणारे हात फिलिपाइन्सचे, इंडोनेशियाचे आणि पुष्कळदा आपल्या देशाचे असतात. रत्नागिरीकडील खलाशी आणि गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर राबत आले. मुंबईत धोबीतलावाजवळच्या कुडांत जहाजाची वाट पाहत त्यांनी दिवस काढले. आजही गोव्यातील कित्येक घरे याच कमाईवर उभी आहेत. जे कुटुंब आठवडाभर एकत्र राहण्यासाठी समुद्रावर जाते, त्याची सेवा करणारा माणूस सहा-सहा, आठ-आठ महिने आपल्या कुटुंबापासून दूर असतो, ही या सहलीतील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट होय.

यावरून कोणी सहलीसच जाऊ नये असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. उतारू न आल्यास बेटांवरील गरीब अधिक गरीब होतो. २०२० च्या साथीत आगबोटी थांबल्या तेव्हा तेथील बाजारांनी आणि इकडे गोव्यातील घरांनी तो अनुभव घेतलाच. परंतु जाणाऱ्याने कंपनीच्या दुकानापलीकडे चार पावले चालावे, बेटावरील माणसाच्या हातचे चार घास विकत घेऊन खावे, आणि ताट वाढणाऱ्यास त्याचे गाव विचारावे. इतके केले म्हणजे इतिहासाचे ऋण फिटेल असे मुळीच नाही. पण ज्या समुद्रावरून आपण मौजेने जात आहो, त्यावरून आपल्याआधी कोण गेले आणि आपल्याबरोबर कोण जात आहे, याची ओळख तरी राहील.