तांबडे फूल, जांभळे फूल

शेतकरी बंधूंनो, जमीन उकरली की मातीत वर्षानुवर्षे निजलेले तणाचे बी उगवून येते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जमची शेते तोफगोळ्यांनी उकरली गेली, अन् तिथे खसखशीच्या कुळातले तांबडे रानफूल, पॉपी, फुलले. मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी १९२१ पासून ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरात लोक तसले कृत्रिम फूल छातीवर लावू लागले.

पण त्याच युद्धात लाखो घोडे-खेचरे मेली. हिंदुस्थानची खेचरेही तिथे ओझी वाहत होती. त्यांच्यासाठी जांभळे पॉपी निघाले ते थेट २००६ साली! लढाई कुणाशी, हे शिपायाला निदान माहीत होते. जनावराला तेही नव्हते. गुरुजी, सनावळी शिकवताना मुलांना एवढे अवश्य सांगा.