फूलवालों की सैर

करोल बागेला स्वतःची जत्रा नाही. नव्या दिल्लीच्या उभारणीत, 1920 च्या सुमारास, कॅनॉट प्लेससाठी माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार या वस्त्या उठविण्यात आल्या व तेथील रहिवाशांना पश्चिमेकडच्या या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या भागात आणून बसविण्यात आले. पुढे फाळणीनंतर पंजाबातून निर्वासित आले. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आपली मराठी मंडळीही आली. वस्ती अशी हलविता येते, परंतु जत्रा असते देवाची, तळ्याची आणि विशिष्ट वाटेची. ती सामानाबरोबर बांधून नेता येत नाही. म्हणून दिल्लीतील खरीखुरी गावजत्रा पाहावयाची असेल, तर करोल बागेतल्या मराठी माणसाला दक्षिणेस मेहरौलीची वाट धरावी लागते.

पावसाळा सरता सरता तेथे भरणाऱ्या या उत्सवाचे नाव ‘फूलवालों की सैर’. आरंभीचे वर्ष 1812 असे सांगितले जाते. त्याची पार्श्वभूमी मराठी वाचकाला परकी नाही. 1784 मध्ये महादजी शिंद्यांना वकील-इ-मुतलक हे पद मिळाले आणि पातशहाच्या नावाने चालणारा कारभार मराठ्यांच्या हाती आला. 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेपलीकडे पटपडगंज येथे लेकने दौलतरावांच्या फौजेचा पराभव केला, आणि पातशहा शिंद्यांच्या छायेतून कंपनीच्या छायेत गेला. 1806 मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या अकबरशहाजवळ किताब होते, तनखा होता. सत्ता मात्र लाल किल्ल्याच्या भिंतीपाशीच संपत होती. वारस नेमण्याचा अधिकारही त्याला उरला नव्हता. त्याला आपला लाडका पुत्र मिर्झा जहांगीर गादीवर यावा असे वाटे. कंपनीने थोरल्या अबू जफरचाच पक्ष धरला.

मिर्झा जहांगीर हा उल्लू तरुण. त्याने रेसिडेंट सीटन याला दरबारात ‘लूलू’ म्हटले व पुढे त्याच्यावर गोळी झाडली, सीटन वाचला पण त्याचा सेवक ठार झाला, अशी कथा दिल्लीत रूढ आहे. परिणाम ठाऊकच आहे: राजपुत्राची रवानगी अलाहाबादेस झाली. हिंदुस्थानचा पातशहा म्हणविणाऱ्या बापाला मुलगा घरी आणता येईना. तेव्हा आईने, बेगम मुमताज महल हिने, कोणत्याही बाईने केले असते तेच केले. तिने नवस बोलला. मुलगा परत आला तर मेहरौलीच्या ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा तो नवस होता.

मुलगा परतला आणि नवस फेडण्यासाठी सारी दिल्ली लोटली. चादर बेगमेची, पण शहरातील फुलाऱ्यांनी आपल्या हौसेने फुलांचा एक पंखाही सजवून आणला. जत्रेला नाव राजाचे नव्हे, राणीचेही नव्हे, फूलवाल्यांचे मिळाले, ते मला फार अर्थपूर्ण वाटते. पातशहाने हा सोहळा दरसाल व्हावा असे ठरविले आणि पंखा दर्ग्याप्रमाणेच जवळच्या योगमायेच्या देवळातही चढू लागला. योगमाया म्हणजे कंसाच्या हातून निसटलेली कृष्णाची बहीण. या देवळाचा जीर्णोद्धारही याच पातशहाच्या कारकीर्दीत, सेढमल नावाच्या त्याच्या दरबाऱ्याने केला. मिरवणुकीत सनई-चौघडा, झरन्याजवळ झुले, अल्तमशाने 1230 च्या सुमारास बांधविलेल्या हौज-इ-शम्सीच्या काठी लोकांची गर्दी, कुस्त्या, पतंग: आपल्याकडच्या उरुसाचे किंवा जत्रेचे सारे साहित्य येथे आहे. फरहतुल्ला बेग यांनी उर्दूत या सोहळ्याचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते उर्दू येणाऱ्यांनी अवश्य वाचावे.

1857 नंतर बहादुरशहा रंगूनला गेला, तरी सैर बंद पडली नाही. आश्रयदात्याचा वंश उखडला गेला. फुलारी, व्यापारी आणि मेहरौलीचे लोक राहिले. बंदी आली ती 1942 मध्ये, चलेजाव चळवळीच्या दिवसांत. येथे इंग्रजांच्या स्वतःच्या गावजत्रांची आठवण होते. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी इंग्लंडातील खेड्यांत पानाफुलांनी सजविलेला उंच खांब उभारून त्याभोवती नाचण्याची चाल होती. 1644 मध्ये तेथील प्युरिटन पार्लमेंटाने असे सारे खांब पाडण्याचा हुकूम काढला. राजसत्ता परत आल्यावर, 1661 मध्ये, लंडनच्या स्ट्रँडवर शंभर फुटांहूनही उंच खांब थाटात उभा राहिला. जत्रा थांबविण्याने काय साधते, याचा अनुभव त्या राष्ट्राच्या पदरी होता. दिल्लीत त्याचा उपयोग झालेला दिसत नाही.

1961-62 मध्ये पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनाने सैर पुन्हा सुरू झाली. तिच्या व्यवस्थेसाठी ‘अंजुमन सैर-ए-गुलफरोशाँ’ ही संस्था उभी राहिली. निरनिराळ्या राज्यांकडून पंखे येऊ लागले. पुनरुज्जीवित जत्रेत व्यासपीठ येते, भाषणे येतात, पुढच्या रांगेत अधिकाऱ्यांच्या खुर्च्या मांडल्या जातात (त्या खुर्च्यांत आपल्यापैकीही काही बसलेले असतात!) आणि ज्या गावाची जत्रा, ते गाव दोरीपलीकडे उभे राहते. ही तक्रार खोटी नाही. पण तेवढ्यावरून तिला सरकारी समारंभ म्हणणे मला पटत नाही. पहिली जत्राही किल्ल्यातूनच निघाली होती. ती लोकांची झाली फुलाऱ्यांच्या पंख्यामुळे, आणि तो पंखा देवळात व दर्ग्यात दोन्हीकडे चढविण्याचा रिवाज पुनरुज्जीवनातही सुटला नाही.

मिर्झा जहांगीरला मात्र पुन्हा अलाहाबादेस पाठविण्यात आले. तेथे मद्याच्या नादात 1821 मध्ये तो वारला. त्याची कबर निजामुद्दीनच्या दर्ग्यात, अमीर खुसरोच्या मजारीपासून जवळच, संगमरवरी जाळीच्या आड आहे. सैरीची मिरवणूक मेहरौलीतच फिरते. तिकडे वळत नाही.